वीस मिनिटे पुढचे गाव

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. ही गोष्ट लिहिणाऱ्याची शाळा आठवीतच सुटली. कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल, शब्दही रोजच्या बोलण्यातलेच आहेत. चुका पोटात घालाव्यात आणि गोष्ट तेवढी ऐकावी.

खाडीच्या मधोमध वाकजुवे नावाचे एक बेट होते, आणि त्या बेटावरचे गाव बाकीच्या जगाच्या वीस मिनिटे पुढे होते.

त्याचे असे झाले. बेटावरून पलीकडे शेवरे बंदराला जायला एकच लाँच. ती सकाळी सातच्या ठोक्याला सुटायची आणि चालवणारा कुणासाठी थांबायचा नाही. फार वर्षांपूर्वी गावातले एक वऱ्हाड नटूनथटून धक्क्यावर पोचले, तर लाँच खाडीच्या मध्यावर गेलेली. नवरदेव या काठाला आणि मुहूर्त त्या काठाला. त्या दिवशी जी फजिती झाली ती गावाच्या जिव्हारी लागली. म्हाताऱ्यांनी बसून ठरवले, की आजपासून आपली घड्याळे वीस मिनिटे पुढे ठेवायची. आधी देवळातले मोठे घड्याळ पुढे झाले, मग घराघरातली. त्यानंतर गावाची लाँच कधी चुकली नाही.

दिवस गेले, माणसे बदलली, पण रीत राहिली. कुणी नवे घड्याळ आणले की ते आधी देवळात न्यायचे, तिथल्या घड्याळाशी जुळवायचे आणि मगच घरच्या भिंतीला लावायचे. पुढे मोबाइल आले. त्यांनाही तीच रीत लागू झाली. मोबाइल आपल्या आपण वेळ घेतो, ती सोय बंद करायची, वेळ हाताने वीस मिनिटे पुढे सरकवायची आणि मग त्याला हळदकुंकू लावायचे. याला ते गावाची वेळ म्हणत. त्यात काही वेगळे आहे असे गावात कुणाला वाटतच नसे.

पलीकडे शेवऱ्याला खाडीकाठच्या महिला गटांच्या संघाचे कार्यालय होते. तिथे हरेश नावाचा तरुण कामाला होता. वय बावीस, अंगाने काटकुळा, बोलणे जेवढ्यास तेवढे. आठवीत असताना गुरुजींनी त्याला फळ्याजवळ बोलावले होते आणि गणित वर्गाला समजावून सांग म्हटले होते. गणित त्याला येत होते. शब्द आले नाहीत. खडू हातात धरून तो नुसता उभा राहिला आणि वर्ग हसला. पुढच्या सोमवारपासून तो शाळेत गेला नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागला, कारण तिथे हातांचे काम होते, जिभेचे नव्हते. हात चांगले निघाले. त्या हातांमुळेच संघाने त्याला ठेवून घेतले.

संघाने प्रत्येक गटप्रमुखाला, आणि गावात ज्याने मागितली त्यालाही, एकेक मेल काढून दिली होती. मागे कुठल्या तरी गटाची मेल भलत्याच माणसाने उघडली होती, म्हणून संघाने नियम कडक केले. दर आठ दिवसांनी मेल नव्याने दार उघडायला लावायची. आधी नाव, मग पासवर्ड, मग सहा आकड्यांचा कोड. हा कोड ज्याच्या त्याच्या मोबाइलवर दिसायचा आणि दर अर्ध्या मिनिटाने बदलायचा. शेवऱ्यात सगळ्यांचे दार उघडे. वाकजुव्यात कुणाचेच उघडेना.

म्हणून दर मंगळवारी हरेश वाकजुव्याला जायचा. शाळेच्या पडवीत बसायचा. बायाबापड्या रांगेने मोबाइल पुढे करायच्या. तो मान खाली घालून एकेक घ्यायचा, त्याचा अंगठा भराभर इकडून तिकडे फिरायचा आणि मेल उघडायची. मग मोबाइल परत देताना एकच शब्द म्हणायचा, "झालं." काय झाले होते आणि काय केले हे त्याने कधी सांगितले नाही. कुणी विचारलेच तर कानापर्यंत लाल व्हायचा आणि पुढचा मोबाइल घ्यायचा.

आता गंमत पाहा. हरेश गेला की त्या संध्याकाळी प्रत्येकाच्या ध्यानात येई, की मोबाइलची वेळ पुन्हा मागे पडली आहे. मग ज्याचा तो मोबाइल घेऊन देवळात जाई आणि वीस मिनिटे पुढे करून आणी. मेल तेवढे आठ दिवस उघडीच असल्यामुळे कुणाला काही कळत नसे. पुढच्या मंगळवारी पुन्हा दार बंद, पुन्हा रांग. हरेशला वाटे, गावातली पोरे मोबाइलशी चाळे करतात. शाळेतले घड्याळ पुढे असलेले त्याने एकदा पाहिले होते, पण त्याचा सेल गेला असेल असे मनाशी म्हणून गप्प बसला. आणि गाव म्हणे, पोराच्या हाताला गुण आहे, पण तो आठ दिवसांचाच. असे वर्षभर चालले. त्याने विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

वाकजुव्यात जयवंती नावाची एक बाई होती. तिचा नऊ जणींचा गट होता. खारफुटीच्या कडेच्या चिखलात त्या नऊ जणींनी दोन वर्षे खपून एक तळे खणले होते, त्याला बांध घातला होता, भोवती जाळे लावले होते. त्यांना त्यात खेकडे वाढवायचे होते. पण खेकड्याची पिल्ले आणि ती जगवण्याचे शिक्षण एकाच केंद्रात मिळे आणि तिथे वर्षाला मोजक्याच गटांना घेत. जयवंतीने दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा नाव यादीच्या बाहेर राहिले होते. तळे रिकामे पाहून गावातली माणसे विचारायची, म्हशी कधी डुंबायला आणताय. गटातली अनुसया त्यांना सांगायची, तुम्हीच या, जागा आहे. हसून सांगायची, पण घरी जाताना गप्प असायची. या वर्षी तिसरा अर्ज गेला होता.

मागच्या मंगळवारी हरेश तापाने पडला होता, म्हणून गेला नाही. त्या दिवसापासून वाकजुव्याच्या सगळ्या मेल बंद होत्या. कुणी घाई केली नाही. येत्या मंगळवारी पोर येईल तेव्हा बघू, असे म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले.

सोमवारी दुपारी जयवंतीचा फोन वाजला. केंद्रातल्या बाई बोलत होत्या. त्यांनी विचारले, की गुरुवारी पत्र पाठवले आहे, उत्तर का नाही. जयवंतीच्या गटाची निवड झाली होती. होकार आज पाच वाजेपर्यंत मेलवरून यायला हवा होता. तोंडी चालणार नव्हता. पाच वाजता यादी बंद होणार होती आणि होकार नसेल तर जागा खालच्या गटाला जाणार होती. बाईंनी हे मायेनेच सांगितले, पण नियम त्यांच्या हातचा नव्हता.

जयवंतीने मेल उघडायला घेतली. नाव घातले, पासवर्ड घातला, कोड घातला. कोड चुकला, असे उत्तर आले. तिने शेवऱ्याला फोन लावला. हरेशने सगळे ऐकून घेतले, "येतो, काकी," म्हणाला आणि पिशवी उचलून धक्क्यावर पळाला.

पण अमावास्या आदल्याच दिवशी झाली होती. त्या दिवसांतली ओहोटी मोठी असते. पाणी पार ओसरले होते आणि लाँच चिखलात एका कुशीवर कलून बसली होती. सहाशिवाय ती हलणार नव्हती. पलीकडे वाकजुव्याच्या काठावर कुणीतरी बाई त्याची वाट बघत उभी होती, ती त्याला ठिपक्याएवढी दिसत होती. मध्ये नुसता चिखल चकाकत होता. हरेश उलट्या पावली कार्यालयात आला.

त्याने अनुसयाच्या मोबाइलवर फोन लावला, म्हणजे जयवंतीचे हात तिच्या मोबाइलला मोकळे राहतील. शाळेच्या पडवीत नऊही जणी जमल्या होत्या. अनुसयाने आवाज मोठा केला आणि मोबाइल सगळ्यांच्या मध्ये धरला.

हरेशने आधी आपल्या नेहमीच्या रीतीनेच केले. पासवर्ड त्यानेच घालून दिलेला होता, तो त्याला पाठ होता. त्याने जयवंतीला सहा आकडे वाचून दाखवायला सांगितले आणि आपल्या इथून दार उघडून पाहिले. चुकला. पुन्हा वाचायला सांगितले, पुन्हा घातले. पुन्हा चुकला. मग पडद्यावर सूचना आली, की तीन वेळा चूक झाली आहे, पाच झाल्या तर ही मेल उद्यापर्यंत उघडणार नाही.

हरेशने हात टेबलावरून मागे घेतले. त्या हातांना जमत नाही असे आजवर झाले नव्हते. आणि हातांना जमेना तर त्याच्यापाशी दुसरे काहीच नव्हते. तीन वेळा चुकले, एवढेच त्याने बायांना सांगितले.

मग जयवंती बोलली. ती सावकाश बोलत होती, भेदरलेल्या माणसाशी बोलावे तशी.

"हरेश, माझा मोबाइल हातात घेतलास की तू काय काय बघतोस, तेवढे नुसते सांग. हात माझे आहेत."

हरेशला तो वर्ग आठवला. फळा आठवला, खडू आठवला. इथे तर नऊ जणी ऐकत होत्या. त्याने डोळे मिटून घेतले आणि जयवंतीचा मोबाइल आपल्याच हातात आहे अशी कल्पना केली. रिकाम्या टेबलावर त्याचा अंगठा हलू लागला आणि अंगठा जाईल तसे तो बोलू लागला.

पहिल्यांदा तो बघायचा, की नेट येते आहे का. जयवंतीने पाहिले, येत होते. मग तो बघायचा, की नाव पुरते आणि बिनचूक पडले आहे का. तिने एकेक अक्षर मोठ्याने वाचले, बरोबर होते. मग पासवर्ड. इथे हरेश अडखळला, कारण नऊ जणींसमोर पासवर्ड वाचायला लावणे त्याला बरे वाटेना. त्याने तिला सांगितले, की तो मोठ्याने म्हणू नका, शेजारच्या डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवा म्हणजे लपलेली अक्षरे दिसतील, ती आपल्या मनाशी ताडून बघा. तिने ताडून पाहिली. एकही अक्षर इकडचे तिकडे नव्हते.

"मग आता काय?" तिने विचारले.

"ठाऊक नाही, काकी."

हे वाक्य त्याने जन्मात कधी मोठ्याने उच्चारले नव्हते. आता हसतील, असे त्याला वाटले. पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही. जयवंती इतकेच म्हणाली, की मग आपण दोघे मिळून बघत राहू. खेकड्याचा पिंजरा रिकामा आला तर ती दोरीपासून तोंडापर्यंत सगळा पुन्हा चाचपडते, तसे.

हरेशने डोळे उघडले. टेबलावर त्याचा अंगठा अजून हलतच होता. खाली, आणखी खाली, सेटिंगच्या आत, तिथून तारीख आणि वेळ. वर्षभर दर मंगळवारी तो हेही करत आला होता, पण इतक्या सवयीने की सांगताना ते आठवलेच नाही. त्याने विचारले, की मोबाइलवरची वेळ बरोबर आहे ना.

जयवंतीने मोबाइलकडे पाहिले, मग पडवीतल्या घड्याळाकडे पाहिले. दोन्ही जुळत होती. बरोबर आहे, म्हणाली.

"किती वाजलेत?"

"पाच वाजून दोन मिनिटं."

बोलली आणि तिचे तिलाच ऐकू आले. पाच वाजून गेले होते. एक जण भिंतीला टेकून खाली बसली. जयवंतीला दोन वर्षांचा चिखल एकदम अंगावर आल्यासारखे झाले. अनुसयाने मोबाइल धरलेला हात खाली सोडला आणि म्हणाली, की चला, म्हशींना निरोप धाडा.

पलीकडे हरेशने कार्यालयातल्या घड्याळाकडे पाहिले. मग आपल्या मोबाइलकडे पाहिले. आपलेच काही चुकत असेल असे वाटून गप्प बसायची त्याची सवय होती. या वेळी तो गप्प बसला नाही.

"काकी, माझ्या इथे चार बेचाळीस झालेत. पाच वाजायचे आहेत."

"तुमचे शेवरे नेहमीच मागे," अनुसया म्हणाली. "आम्ही गावाची वेळ सांगतोय."

गावाची वेळ म्हणजे काय, हे हरेशने विचारले. वर्षभरात त्याने गावाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मग ते वऱ्हाड, तो नवरदेव, देवळातले घड्याळ आणि हळदकुंकू लावलेले मोबाइल, सगळे एका दमात त्याच्या कानावर आले. सांगता सांगता जयवंतीचा आवाज मंदावला. मागल्या वेळी हरेश गेला त्याच संध्याकाळी तिने स्वतःच्या बोटाने वेळ पुढे केली होती. दर वेळी करत होती. सगळे गाव करत होते.

हरेशने कपाळावर हात मारून घेतला. मग त्याने समजावून सांगितले, आणि आपण समजावून सांगतो आहोत हे त्याच्या ध्यानातही आले नाही. तो म्हणाला, "ते सहा आकडे घड्याळ बघून तयार होतात, काकी. तुमचा मोबाइल पाच-दोनचे आकडे दाखवतोय आणि संघाचं दार चार-बेचाळीसचे मागतंय. मग ते उघडेल कसं?"

जयवंतीला पटकन कळले. भरतीचा पिंजरा ओहोटीला टाकल्यासारखे झाले, असे ती म्हणाली. आणि मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली, पहिलीपेक्षा मोठी. पाच वाजलेच नव्हते. नऊ जणींच्या जिवात जीव आला. भिंतीला टेकून बसलेली बाई उठून उभी राहिली.

वेळ कुठे बदलायची ते जयवंतीला कुणी सांगावे लागले नाही. वेळ पुढे करायची वाट तिच्या नेहमीच्या सवयीची होती, त्याच वाटेने ती आत गेली. मोबाइलने आपल्या आपण वेळ घ्यावी म्हणून असलेली ती सोय तिने चालू केली. पडद्यावरचे आकडे मागे सरले आणि चार चव्वेचाळीस झाले. देवळातल्या घड्याळाला कळू देऊ नका, अनुसया म्हणाली.

जयवंतीने नवा कोड पाहिला आणि घालायला घेतला. तिचे बोट चिखलात वावरलेले, जाड. एकेक आकडा शोधून ती दाबत होती. सहावा दाबला आणि उत्तर आले, की कोड चुकला.

आता एकच खेप उरली होती.

हरेश खुर्चीतून उठला. आकडे मला सांगा, मी भराभर घालतो, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. मगाशी त्याने तेच केले होते आणि दोन खेपा फुकट घालवल्या होत्या. त्याने ओठ मिटून धरले. खिडकीबाहेर चिखल तसाच चकाकत होता.

तिकडे जयवंतीने मोबाइल मांडीवर ठेवला आणि आकड्यांकडे नुसती बघत बसली. ते एकदा बदलले. पुन्हा बदलले. मग ती म्हणाली, की मी सावकाश दाबते आणि तेवढ्यात हे पालटतात. नवे आल्या आल्या सुरुवात केली तर पुरे पडेल. अनुसयाने वाचावे, मी दाबते.

हरेशने तिला हे सांगितलेले नव्हते. तिने ते आपले आपण हुडकले होते. तो फक्त हो म्हणाला, आणि एवढेच सुचवले, की अनुसयाकाकींनी मोठ्याने न वाचता कानाशी वाचावे, कोड कुणाला ऐकू द्यायचा नसतो, मलासुद्धा.

आकडे पालटले. अनुसया जयवंतीच्या कानाला लागली. सहा वेळा बोट टेकले.

मेल उघडली.

गुरुवारचे पत्र सगळ्यात वर होते. जयवंतीने ते पुरते वाचले, घाईतही वाचले, आणि खाली उत्तर लिहिले, की आम्हाला मान्य आहे, आम्ही नऊ जणी येतो. पाठवले तेव्हा मोबाइलवर चार एक्कावन्न झाले होते. तीन मिनिटांनी केंद्रातल्या बाईंचे उत्तर आले. त्यात एवढेच होते, की पोचले, तुमची वाट बघतो.

अनुसया पहिल्यांदा हसली आणि मग तिच्या डोळ्यांना पाणी आले. ती म्हणाली, की आपल्या म्हाताऱ्यांनी एवढी वर्षे वीस वीस मिनिटे शिल्लक टाकली, ती आज कामी आली. त्यावर जयवंती म्हणाली, की तीच वीस मिनिटे आपल्याला बुडवतही होती. मग दोघीही हसल्या आणि बाकीच्याही हसू लागल्या. हरेशने फोन कानाशी धरून ते हसणे ऐकले. नऊ जणी हसत होत्या आणि त्यातले एकही हसणे त्याला टोचत नव्हते. तो खुर्चीत बसला आणि त्याने आपले हात पालथे-उताणे करून पाहिले. आज त्यांनी काही केले नव्हते. तरी काम झाले होते.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळची लाँच वाकजुव्याची माणसे घेऊन आली आणि परतताना हरेश तिच्यात बसला. बेटावर पाय ठेवला तर शाळेच्या पडवीत नेहमीसारखी रांग लागलेली होती. सगळ्यांचे मोबाइल हातात तयार होते.

गावात आदल्या संध्याकाळीच बसून बोलणे झाले होते. देवळातले घड्याळ आणि घरोघरची घड्याळे पुढेच राहतील, कारण लाँच अजूनही कुणासाठी थांबत नव्हती. मोबाइल मात्र जगाच्या वेळेला चालतील. ज्याला धास्ती वाटेल त्याने वीस मिनिटे आधीचा गजर लावावा. हा तोडगा जयवंतीने काढला होता. हरेशच्या डोक्यात तो आला नसता.

हरेश पडवीत नेहमीच्या जागी बसला नाही. तो वर्गात गेला आणि फळ्यासमोर उभा राहिला. खडू उचलला. सावकाश, मोठ्या अक्षरांत त्याने लिहिले. मेल उघडत नसेल तर नेट बघा. नाव बघा. पासवर्ड बघा. वेळ बघा. मग तो वळला आणि प्रत्येक ओळीत काय बघायचे ते सांगू लागला. सुरुवातीला त्याचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नव्हता. मागून जयवंती म्हणाली, मोठ्याने, बाळा, आणि तो मोठ्याने बोलला. नवे आकडे येईपर्यंत थांबायचे, ही पाचवी ओळ त्याने जयवंतीला लिहायला लावली, कारण ती तिची होती. कुणीतरी असे काही विचारले जे त्याला येत नव्हते. त्याने ते येत नसल्याचे सांगितले आणि फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवला.

रांगेत सगळ्यात पुढे गावातले म्हातारे धोंडूतात्या होते. त्यांनी फळ्यावरचे सगळे वाचले, मान डोलावली आणि मग वर्षभराच्या सवयीने आपला मोबाइल हरेशच्या पुढे धरला.

हरेशने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तो त्यांच्या शेजारी जाऊन बाकावर बसला.

"सांगतो, तात्या," तो म्हणाला. "हात तुमचे आहेत."

तात्पर्य: दुसऱ्याचे अडलेले काम मुकाट्याने उरकून देणे ही अर्धीच मदत असते, काय बघायचे ते सांगून ते काम त्याच्याच हातून होऊ देणे ही पुरी. आणि सांगण्याआधी विचारावे, कारण अडचण कुठून आली हे बहुतेक वेळा ज्याची अडचण असते त्यालाच ठाऊक असते.